जांभळ्या पट्ट्यापलीकडचं झाड

कॅरीहून सकाळी आठला निघालो. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहराला लागून असलेलं हे गाव. तिथे माझी लेक आणि जावई राहतात. जायचं होतं राज्याच्या पश्चिम टोकाला, हेवूड काउंटीत, सुमारे साडेचारशे किलोमीटरवर. आय-फॉर्टी हा एकच महामार्ग धरून मावळतीकडे जात राहायचं. ग्रीन्सबरो गेलं, हिकरी गेलं, ओल्ड फोर्टला घाट लागला आणि कानांना दडे बसले. ॲशव्हिल ओलांडून पिजन नदीच्या काठाला लागलो. सप्टेंबर 2024 मधल्या हेलीन वादळाच्या खुणा अजून होत्या. झाडांच्या फांद्यांत, माणसाच्या डोक्याच्याही वर, पुरानं नेऊन अडकवलेल्या चिंध्या लोंबत होत्या.

जावयाच्या कचेरीतल्या एका मित्राचं गाव इथलं. त्याचे वडील प्लॉट जातीची कुत्री पाळतात आणि हिवाळ्यात रात्री त्यांना घेऊन रॅकूनच्या शिकारीला जातात, एवढं ऐकलं आणि मी स्वतःहून म्हटलं, मला न्याल का? मला बंदुकीची हौस नाही. मला कुत्री बघायची होती. मंगळवेढ्याच्या रानात माझ्या आजोबांकडे कारवानी कुत्रा होता. लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेला, ससा दिसला की बाणासारखा सुटायचा. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि ते दिवस संपले. संपले ते बरंच झालं, असं मी आज म्हणतो. पण तो कुत्रा डोळ्यांपुढून हलत नाही. तो नजरेनं धावायचा आणि धावताना तोंडातून आवाज काढायचा नाही. इथली कुत्री नाकानं धावतात आणि सगळं बोलून सांगतात, हे मला ठाऊक होतं. ते ऐकायचं होतं.

यजमान, म्हणजे त्या मित्राचे वडील, एकाहत्तर वर्षांचे. हातात हात घेतला तेव्हा नांगर धरलेला हात आहे हे कळलं. घरामागे खुराड्यासारख्या जाळीत दोन कुत्री होती. मॉली ही प्लॉट. अंगावर काळ्या-पिंगट रेघा, आपल्याकडे अशा रंगाला वाघ्या म्हणतात. दुसरा स्काउट, ट्रीइंग वॉकर जातीचा, पांढरा-काळा-तांबूस, वय दीड वर्ष, अजून शिकणारा. प्लॉटचं मूळ गाव हेच. 1750 च्या सुमारास प्लॉट घराण्यातला एक तरुण जर्मनीहून आपली कुत्री घेऊन अमेरिकेत आला, असं इथे सांगतात. त्याचा मुलगा हेन्री पुढे या डोंगरात येऊन वसला. अस्वलाच्या मागावर जायला त्यांनी ही कुत्री पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवली. समोरच्या डोंगररांगेचं नावसुद्धा प्लॉट बाल्सम्स. 1989 मध्ये राज्यानं प्लॉटला आपला राज्यश्वान ठरवलं. यजमान हे सांगत होते आणि मॉली त्यांच्या गुडघ्याला पाठ घासत होती.

जेवणं झाल्यावर त्यांनी गाडीच्या कप्प्यातून प्लास्टिकची एक पिशवी काढली. आत घडी घातलेले कागद. मला वाटलं शिकारीचा परवाना असेल. परवाना होता, पण त्याखाली सात-आठ चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर वेगळी सही आणि तारीख. ज्यांच्या ज्यांच्या जमिनीत जायचं त्यांची लेखी परवानगी. या राज्यात 2011 पासून तसा कायदा आहे. मालकानं जमिनीवर मनाईची पाटी लावली असेल किंवा झाडांवर जांभळ्या रंगाचे पट्टे मारले असतील, तर बारा महिन्यांच्या आतली, सही केलेली परवानगी खिशात असल्याशिवाय तिथे शिकार करता येत नाही. पट्टा उभा हवा, निदान आठ इंच लांबीचा, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, आणि दोन पट्ट्यांत शंभर यार्डांहून जास्त अंतर नको. यजमानांच्या पिशवीतल्या काही चिठ्ठ्या तर अशा जमिनींच्या होत्या, जिथे ना पाटी ना पट्टा. तरी ते दर सप्टेंबरात दारोदार जाऊन सही घेतात. सातबारा जपावा तशी ती पिशवी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

त्या रात्रीची जमीन शेजारच्या एका विधवा बाईंची होती. तीन आठवड्यांत त्यांच्या चार कोंबड्या गेल्या होत्या. खुराड्याची कडी रात्री लावलेली असायची आणि सकाळी उघडी सापडायची. रॅकूनचे पुढचे पंजे पाच बोटांचे, स्पर्शाला अतिशय तल्लख. पाण्यात हात घालून खेकडा नुसता चाचपून काढणारा हा प्राणी. त्याच्यापुढे कडी काय टिकणार? ‘रॅकून’ हे नावच व्हर्जिनियातल्या पोव्हॅटन या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलंय आणि त्यात हातांनी खरवडणारा असा अर्थ आहे. बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, “या वेळी त्याला सोडू नका.” यजमान नुसतंच “बघतो, बाई” म्हणाले.

दुपारी पाऊस पडून गेला होता. वारा नाही, चंद्र नाही. अशीच रात्र लागते, कारण ओल्या मातीत वास टिकतो. जमीन गोठली की कुत्र्याच्या नाकाला काही मिळत नाही आणि थंडी फार वाढली तर रॅकूनही ढोलीतून बाहेर पडत नाही. ओढ्याकाठी गाडी उभी केली. दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्यांना सोडलं. दिवा विझवला. मग आम्ही गाडीच्या मागच्या फळीला टेकून उभे राहिलो, बास. शिकार म्हणजे पाठलाग, धावाधाव, असं माझ्या डोक्यात होतं. इथे माणूस अंधारात उभा राहून कान देतो.

वीस मिनिटं ओढ्याच्या पाण्याखेरीज काही नाही. मग लांबून एक सूर आला. भुंकणं म्हणवेना. ओढून ओढून काढलेली हाळी होती ती, शेवटी किंचित वर चढणारी. “स्काउट,” यजमान कुजबुजले, “पण माग थंड आहे. तासाभरापूर्वीचा.” ते आवाजावरून सगळं सांगत होते आणि पंधरा-वीस मिनिटांत मलाही थोडं थोडं कळायला लागलं. हाळ्यांमधलं अंतर कमी झालं की माग ताजा. मधेच दोघं गप्प झाले की पाणी आडवं आलं. मॉली अजून बोलली नव्हती. ती खात्री असल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे सांगताना त्यांच्या आवाजात लेकीचं कौतुक होतं.

आणि मग ती बोलली. तुटक, जोरकस, कुऱ्हाडीचे घाव पडावेत तसं. थांबलीच नाही.

“ट्रीड,” ते म्हणाले. रॅकून झाडावर चढला आणि मॉलीनं बुंधा धरला. कधी कधी तो एका बाजूनं चढून दुसरीकडून उतरून जातो. म्हणून जाणती कुत्री आधी झाडाभोवती फेरी मारून खात्री करते. इंग्रजीत चुकीच्या झाडाखाली भुंकणं असा जो वाक्प्रचार आहे, तो याच शिकारीतून आला.

हातातल्या यंत्रावर बाण होता आणि अंतर होतं तीनशे दहा यार्ड. यजमानांनी ते दोनदा पाहिलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण निघायची घाई त्यांनी केली नाही. वाटेत ऱ्होडोडेंड्रॉनची गच्च जाळी होती. इथले लोक तिला लॉरेलचा नरक म्हणतात. कुत्री तिच्या बुडातून सरपटत जातात आणि माणसाला गुडघ्यांवर यावं लागतं. माझी टोपी दोनदा अडकली. जाळीतून बाहेर पडलो, दिव्याचा झोत पुढे गेला, आणि एका ओकच्या बुंध्यावर जांभळा पट्टा दिसला. त्याच्या पलीकडे आणखी एक. मॉलीचं झाड त्या रांगेच्या पलीकडे साठ-सत्तर पावलांवर होतं. ती मागचे पाय रोवून, पुढचे बुंध्यावर टेकून, मान वर करून भुंकत होती. स्काउट तिच्याकडे बघून तसंच करत होता.

यजमान बांधावर थांबले. पलीकडच्या मालकाची चिठ्ठी त्यांच्याकडे नव्हती. त्यानं ती जमीन त्याच वर्षी घेतली होती. शहरातून आलेला माणूस. सप्टेंबरात यजमान दोनदा गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. आता रात्रीचे साडेदहा. त्यांनी मॉलीला हाका मारल्या, शिंग फुंकलं. ती हलली नाही. झाड सोडायचं नाही हेच तर तिला शिकवलेलं.

काळोख होता, साठ पावलं होती. आत जाऊन कुत्री आणली असती तर कुणाला कळलं असतं? मी तसं बोललोही. ते म्हणाले, “मला कळलं असतं.” आम्ही आल्या वाटेनं परत गेलो, त्याच नरकातून. बंदूक, पॉइंट टू-टू, रिकामी करून गाडीत कुलपात ठेवली आणि रस्त्यानं वळसा घालून त्या माणसाच्या घरी गेलो. मोकळ्या हातांनी, दिवा स्वतःच्या तोंडावर पाडून, ते पायरीच्या खाली उभे राहिले आणि तिथून हाक मारली. मला ती पायरी कायम लक्षात राहील. मी गावी वाढलोय. बांधावरून भावाभावांची डोकी फुटलेली पाहिली आहेत. रात्री अकराला परक्याच्या दारात पायरी न चढता उभा राहिलेला म्हातारा मी पाहिला नव्हता.

माणूस बाहेर आला, घाबरलेला, मग चिडलेला. तासभर तो तो आवाज ऐकत होता आणि कुणाची कुत्री काय फाडतायत ते त्याला कळत नव्हतं. यजमानांनी आधी माफी मागितली, मग नाव सांगितलं, घर कुठलं ते सांगितलं, कुत्री आणायला आत येऊ का विचारलं. तो जरा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग बूट चढवून स्वतः बरोबर निघाला.

ट्यूलिप पॉपलरचं उंच, सरळ झाड. यजमानांनी खिशातून एक शिट्टी काढली, भांडणाऱ्या रॅकूनसारखा किंचाळणारा आवाज काढणारी. ती वाजवली की वर दडून बसलेला रॅकून खाली बघतो. बघितलंच. पन्नासेक फुटांवर, फांदीच्या बेचक्यात, दिव्यात दोन हिरवट-पिवळे ठिपके चमकले. मग हळूहळू काळा मुखवटा, गोल पाठ, वलयांची शेपटी. सालीला धरलेले हात मला स्पष्ट दिसले. माझ्या मनात तेव्हा कोंबड्या नव्हत्या. तो वाचावा असं वाटलं, आणि ज्या बाईंच्या कोंबड्या गेल्या त्यांना हे सांगायला मला अवघड गेलं असतं.

“याचं काय करता तुम्ही?” मालकानं विचारलं.

“तुमच्या झाडावर आहे,” यजमान म्हणाले, “काही नाही करत.” कातड्याला हल्ली भावही नाही. कित्येक रात्री ते झाड बघून, कुत्र्यांना शाबासकी देऊन परत येतात. त्यांनी बुंध्याशी बसून मॉलीच्या छातीवर थोपटलं, स्काउटच्या कानामागे खाजवलं, मग दोघांना दोरी लावली. मॉलीला अक्षरशः उचलून आणावं लागलं. बांधापर्यंत ती मान वळवून वळवून बघत होती.

गाडीपाशी त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि दिवसा एकदा येऊ का, असं विचारलं. माणूस म्हणाला, विचार करून सांगतो. “जरूर करा,” म्हणून त्यांनी चिठ्ठी पुन्हा पिशवीत घातली.

सकाळी आम्ही बाईंकडे गेलो. रॅकून सोडला हे यजमानांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत. आत जाऊन कॉफी घेऊन आल्या, पण रागानं ठेवली. यजमानांनी गाडीतून दोन स्प्रिंगच्या कड्या आणल्या होत्या, अंगठ्यानं दाबून मग ओढावी लागते तशा. मी फळी धरली, ते स्क्रू पिळत होते. खालच्या फळीवर वाळलेल्या चिखलाचे ठसे होते, पाच पाच बोटांचे, कडीच्या दिशेनं वर चढत गेलेले. दुसरी कडी बसली तेव्हा त्यांनी ती बाईंना उघडून दाखवली आणि म्हणाले, आता तुम्ही उघडून बघा.