अंगण वाकडं असेल तर

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ हे कुणाला ऐकवायचं आणि कुणाला नाही, तेच ठरत नाहीये. कुंभकोणमच्या आमच्या घरातली मराठी तमिळच्या वळणाने चालते, तरी आजीची ही म्हण शाबूत राहिली. तिच्यात अंगणाची बाजू कुणी ऐकूनच घेत नाही. दोष नाचणाऱ्याचा, हे आधीच ठरलेलं. पण अंगण कधी खरंच वाकडं नसतं का? आमच्या गावातल्या महामहम तलावाला चारी बाजूंनी पायऱ्या आहेत. धडधाकट माणसाला त्यात वाकडं काही दिसत नाही.

उंच उडी मारणारा मरियप्पन तंगवेलू सेलम जिल्ह्यातला. पाच वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवर बसखाली त्याचा उजवा पाय चिरडला. 2016 साली रिओच्या पॅरालिंपिकमध्ये 1.89 मीटर उडी मारून त्याने सुवर्ण घेतलं. 2021 मध्ये टोकियोत तो 1.86 वर थांबला. पाऊस वाढला, अधू पायातला मोजा भिजला, उडी घेणं अवघड झालं, असं त्याने नंतर सांगितलं. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर आजीची म्हण माझ्या ओठांवर आली असती. त्याच्या बाबतीत ती येत नाही. मोजा खरंच भिजला होता म्हणून, की पाय अधू आहे म्हणून? दुसरं कारण असेल तर ती निव्वळ दया झाली, आणि दयेने कुणाला उंच उडी शिकवता येईल असं वाटत नाही. शिवाय पाऊस सगळ्यांवरच पडत होता. त्याच स्पर्धेत सॅम ग्रूने 1.88 पार केलंच.

मुरलीकांत पेटकरही मनातून जात नाहीत. सांगलीकडचे, सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय लुळे पडले. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. 1972 मध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, पण हायडेलबर्गला. ऑलिंपिक म्युनिकला झालं होतं. तिथलं क्रीडाग्राम नंतर लगेच राहत्या घरांसाठी द्यायचं होतं, म्हणून अपंगांचे खेळ दुसऱ्या गावी गेले. अंगण वाकडं असण्याचा प्रश्नच आला नाही. ते दिलंच नव्हतं. आजीच्या म्हणीत याला जागा नाही.

वाटलं होतं, शिकवणाऱ्याने आधी अंगण सरळ करावं एवढंच माझं म्हणणं आहे. पण मरियप्पनला उंच उडीकडे वळवलं शाळेतल्या पी.टी. मास्तरांनी, आणि चौदाव्या वर्षीची त्याची पहिली स्पर्धा धडधाकट मुलांबरोबरच होती. तो दुसरा आला. तिथे अंगण कुणी सरळ केलं होतं?

माझ्या शाळेत पोलिओ झालेली एक मुलगी पी.टी.च्या तासाला कडेला बसून आमच्या पिशव्या सांभाळायची. तिच्यासाठी दांडी खाली घ्यायला हवी होती, की नुसतं ‘ये’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं? तिला उडी मारायची होती, हे धरूनच मी इतकं लिहिलं. तसं ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.