बाबांची दुनाली आणि मुलाचं पिस्तूल

पुण्याकडचे नातेवाईक पहिल्यांदा ग्वाल्हेरला आले की बाजारात खांद्याला दुनाली लटकावून फिरणारा माणूस बघून दचकतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. चंबळ जवळ, भिंड-मुरैना शेजारी. आमच्या दौलतगंजातल्या घरीही बाबांची बारा बोअरची दुनाली होती, आजोबांकडून आलेली. बाबा गेल्यावर मी ती दुकानात जमा केली आणि वारस म्हणून लायसनचा अर्ज मुद्दामच केला नाही. का, ते मुलाला कधी सांगितलं नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर गल्लीत दोन घरं फुटली आणि मुलानं विषय काढला. "बाबा, एक पिस्तूल घेऊन ठेवू." लायसन मिळायचं तेव्हा मिळेल, निदान बघून तर येऊ, म्हणून मी, मुलगा आणि सूनबाई बाड्याकडच्या एका दुकानात गेलो.

मुलाच्या डोक्यात सिनेमातलं नऊ मिलिमीटर. दुकानदार हसला. ते आपल्यासारख्यांच्या लायसनवर मिळत नाही, .३२ बोअरचं बघा म्हणाला. त्यानं एक पिस्तूल आणि एक रिव्हॉल्व्हर, दोन्ही रिकामी करून, काचेवर ठेवली. पिस्तूल दिसायला चपटं, सुबक. पण पहिली गोळी नळीत चढवायची तर वरचा भाग जोर लावून मागे ओढावा लागतो. सूनबाईनं दोनदा ओढून बघितला, अर्ध्यावरच अडकला. माझ्या बोटांचा सांधेदुखीनं आधीच निकाल लागलेला. शिवाय मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते, आणि घरोघरचे अपघात तिथंच होतात, हे दुकानदारानं दोनदा बजावलं. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाजूला काढलं की सहाही घरं डोळ्यांना दिसतात, भरलेलं की रिकामं कळतं. "भाईसाब, घर के लिए यही ठीक है," तो म्हणाला. घोडा जड लागतो, पण तो जड असलेलाच बरा, असं माझं मत.

इथवर सगळं ठीक होतं. घरी येऊन चहा घेताना सूनबाईनं विचारलं, "ठेवायचं कुठं?"

मी म्हटलं, भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी पेटी, कुलूप, काडतुसं वेगळ्या कपाटात. मुलगा म्हणाला, "बाबा, मग चोराला थांब म्हणायचं का, किल्ली शोधतोय म्हणून? उशाशी हवं, भरलेलं." खरं तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कुलपातलं हत्यार रात्री दोन वाजता कामाला येत नाही, आणि बिनकुलपाचं दिवसभर घरात पोरांसमोर असतं. वर निवडणूक आली की आचारसंहितेपायी हत्यार ठाण्यात जमा. चोर आचारसंहिता पाळत असतील तर उत्तमच!

'उशाशी, भरलेलं' हे शब्द ऐकले आणि मग मी सांगितलं.

१९८३ ची थंडी. फूलन देवीनं भिंडला शस्त्रं खाली ठेवली ना, तोच फेब्रुवारी. शहरात तीच चर्चा, आणि बाबांची दुनाली भरून पलंगापाशी. मी एकोणीस वर्षांचा. झाशीहून यायची गाडी चार तास उशिरा आली. मध्यरात्र उलटलेली, घरच्यांना कशाला उठवा म्हणून मागच्या भिंतीवरून चौकात उडी मारली. धुकं एवढं की तुळशी वृंदावन दिसत नव्हतं. जिन्यावरून आवाज आला, कट्, आणि परत कट्. दोन्ही घोडे चढवल्याचा. मला तो आवाज ओळखता आला, पण तोंडातून शब्द फुटेना. मागे सरलो तो पाण्याच्या हंड्यावर पडलो आणि "आई गं" म्हणून ओरडलो.

बाबा खाली आले नाहीत. तिथंच पायरीवर बसले. आई कंदील घेऊन आली, तिनं त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली. त्यांनी मला एका शब्दानं रागावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काडतुसं आईच्या देवघरातल्या डब्यात गेली, आणि पुढं सव्वीस वर्षं, ते जाईपर्यंत, तिथंच राहिली.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं एवढंच विचारलं, "आपली पिंकी भोपाळहून कितीला येते?" नात तिथं शिकते. रात्रीच्या गाडीनं निघते आणि पहाटे तीन-साडेतीनला दारात असते, न सांगता येण्याची भारी हौस.

अर्ज त्यानं तरीही भरला. कलेक्टर कचेरीत आहे, पोलीस चौकशी व्हायची आहे. मिळालं तर रिव्हॉल्व्हरच, पेटी आणि काडतुसं वेगळी, हे त्याचं त्यानंच कबूल केलं. दरम्यान मागच्या भिंतीवर जाळी आली, फाटकावर हालचालीनं लागणारा दिवा आला, आणि आतल्या दाराला लोखंडी अडसर.

पिंकीला सक्त ताकीद आहे. परवा पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. "आजोबा, मी फाटकात आहे. दिवा लागलाय. दार उघडा, थंडी वाजतेय."