कोपऱ्यावरची शिडी

वाटेच्या भांडणात आपल्याकडं पिढ्या गेल्या, म्हणून अमेरिकेतल्या वायोमिंगचं हे प्रकरण सांगतो.

तिथं एल्क माउंटन भागात जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी. एक चौरस मैल सरकारी, त्याला लागून खासगी. 1860 च्या दशकात रेल्वे कंपनीला एकाआड एक तुकडे दिले, तेव्हापासूनचं हे. सरकारी तुकड्यात शिकारीला मुभा, पण जायला वाटच नाही. 2021 मध्ये मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी चार हद्दी मिळतात त्या कोपऱ्यावर शिडी लावली आणि एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्यात उतरले. खासगी मातीला पाय लागला नाही. मालकाचं म्हणणं, वरची हवापण माझीच. खटला झाला, ज्यूरीनं सोडलं. मग भरपाईचा दावा. 2025 मध्ये अपील कोर्टानंही शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. आधार 1885 च्या कायद्याचा. तो शिकारीसाठी नव्हताच. बड्या पशुपालकांनी सरकारी चराईरान तारा ठोकून दाबलं, म्हणून केलेला.

मालकाचं दुखणं कळतं. माझ्या बांधावरून बंदूकवाला गेला तर मलाही रुचणार नाही. पण वाट अडवली की जमीन कागदावर सरकारची आणि वापरायला एकट्याची. आपल्या गायरानांचं दुसरं काय झालंय?

शेताची किंवा चराईची वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडं दावा करा. अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. भावकीच्या बैठकांत तेवढे दिवस सहज जातात.