रिक्त जागांचा खेळ

'एल्डन रिंग' हा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेचा व्हिडिओ गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. कादंबऱ्या वाचत पन्नाशी ओलांडलेल्या एका वाचकाने तो कुतूहलापोटी हाती घेतला आणि पहिल्या काही मिनिटांतच त्याला मरण आले. अनेक हातांच्या एका विद्रूप जीवाने त्याला ठार केले. तो गुहेत जागा झाला; दार उघडताच सोनेरी महावृक्षाखालचा विस्तीर्ण प्रदेश समोर आला आणि वाटेवर गस्त घालणारा सुवर्णकवचधारी घोडेस्वार. त्याच्याशी लढावे की त्याला वळसा घालावा, हे संहिता सांगत नाही. वाचक लढला, मेला. कमावलेले 'रून' मृत्यूच्या जागी सांडले. ते उचलण्यापूर्वी पुन्हा मेला, तेव्हा कायमचे गेले. वळसा घालता येतो हे उमगणे, हाच त्याचा पहिला अन्वयार्थ.

या जगाचा पुराणेतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी तो तलवारी, अंगठ्या, चिलखते यांच्या त्रोटक वर्णनांत विखुरला. बालपणी मियाझाकी इंग्रजी अद्भुतकथा वाचत आणि न कळलेला मजकूर चित्रांच्या आधारे कल्पनेने भरून काढत. वोल्फगांग इझर यांनी विवेचिलेल्या रिक्त जागा येथे अशा अर्धवट वाचनातून आलेल्या दिसतात. फरक इतकाच, की इझर यांच्या वाचकाला चुकीच्या अर्थापायी काही गमवावे लागत नाही.

तुकडे जुळलेच नाहीत तर दोष कोणाचा? (विस्कळीतपणाला खोली समजण्याची सवय समीक्षेलाही आहेच.) त्या रात्री वाचकाने तो स्वतःकडे घेतला आणि तो पुन्हा घोडेस्वाराच्या दिशेने निघाला.