पाण्याच्या ओझ्याखालचे इंजिन

जेट बोटीसाठी बांधलेले इंजिन पाण्यात उतरवण्यापूर्वी डायनॅमोमीटरवर, म्हणजे फिरत्या इंजिनावर मोजके ओझे घालून त्याचा टॉर्क आणि त्यावरून शक्ती काढणाऱ्या यंत्रावर, चढवावे की नाही, हा प्रश्न बहुधा खर्चाच्या अंगाने विचारला जातो आणि म्हणूनच त्याचे उत्तर बहुधा चुकते. जेट बोटीला पाण्यात फिरणारा उघडा पंखा नसतो. इंजिन थेट एका पंपाला जोडलेले असते, तो पंप बोटीच्या तळातून पाणी ओढतो, मागच्या तोटीतून वेगाने फेकतो आणि त्या फेकण्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे जाते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही रचना तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी कामात आणली. भारतात ती सर्वांत ठळकपणे दिसली १९७७ साली, जेव्हा एडमंड हिलरी यांची तुकडी बंगालच्या उपसागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध जेट बोटींनी थेट हिमालयाच्या पायथ्यापलीकडे नंदप्रयागच्या परिसरापर्यंत गेली.

छत्रपती संभाजीनगरात जेट बोट नित्य दिसणारी वस्तू नाही, परंतु तिच्यामागचा हिशेब या शहराला परका नाही. इथल्या पाणचक्कीत अठराव्या शतकापासून दुरून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून पडून चक्र फिरवते आणि चक्रावर जाते फिरते. पडणाऱ्या पाण्याचा ओघ आणि पडण्याची उंची यांच्या गुणाकारावर दळण ठरते, त्यापेक्षा जास्त पीठ कोणत्याही युक्तीने निघत नाही. जेट पंप हीच गोष्ट उलट्या दिशेने चालवतो: इथे चक्र पाण्याला ढकलते, आणि पाण्याला जितका ओघ आणि जितका दाब मिळाला तितकीच शक्ती इंजिनाने दिलेली असते. पाण्याच्या बाजूने झालेला हिशेब आणि इंजिनाच्या बाजूने झालेला हिशेब, वाटेतली गळती धरून, जुळलाच पाहिजे, आणि डायनोचा, म्हणजे डायनॅमोमीटरचा, सारा वाद या जुळणीभोवती फिरतो.

मोजण्याचे यंत्रही मुळात याच कामातून वाढलेले आहे. फ्रेंच अभियंता प्रोनी यांनी १८२१ साली फिरत्या दंडावर लाकडी ठोकळे आवळून त्यांचा ओढा वजनाने तोलण्याची रीत घालून दिली. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर दोरी गुंडाळून, एका टोकाला वजने आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून जो प्रयोग विद्यार्थी करतात, तो प्रोनींच्याच कुळातला आहे, आणि ड्रमच्या कडेत पाणी घालून तो थंड ठेवावा लागतो, कारण इंजिनाची सगळी शक्ती त्या दोरीखाली उष्णता होऊन बाहेर पडत असते. जहाजांची इंजिने इतकी मोठी झाली की ठोकळे आणि दोरी जळून जाऊ लागली, तेव्हा विल्यम फ्रूड या जहाजशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये पाण्याचा ब्रेक काढला, ज्यात एका बंद घरात फिरणारे पाते पाण्याला घुसळते आणि घुसळण्याचा विरोध घराच्या बाहेरच्या तराजूवर दिसतो. जेट पंप आणि फ्रूडचा ब्रेक हे सख्खे भाऊ आहेत. एक पाणी घुसळून शक्ती खर्च करतो, दुसरा पाणी फेकून.

या नात्यातूनच प्रश्नाचे अर्धे उत्तर निघते. पंपाने घेतलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इंपेलर, पंपातला फिरता पंखा, दहा टक्के जास्त वेगाने फिरवायचा तर शक्ती तेहेतीस टक्के जास्त द्यावी लागते. पंप बनवणारे प्रत्येक मापाच्या इंपेलरसाठी किती फेऱ्यांना किती अश्वशक्ती लागते याचे आलेख देतात, आणि बोट पूर्ण थ्रॉटलवर स्थिर झाली की टॅकोमीटर वाचून त्या आलेखावरून इंजिनाची शक्ती कळते. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन सुमारे १६८ किलोवॅट देते. त्यात मोठा खर्च करून शक्ती वीस टक्क्यांनी वाढवली, तरी त्याच इंपेलरवर फेरे वाढतात ते ४,००० वरून जेमतेम ४,२५० पर्यंत. पाच टक्के वाढवली तर ४,०६५, आणि इतका फरक साध्या टॅकोमीटरच्या काट्याच्या जाडीत हरवतो. चार-दोन अश्वशक्तींच्या वाढीसाठी डायनोवर दिवस घालवणाऱ्याला पाण्यावर त्या दिवसाचा पुरावा सापडत नाही, कारण पाणी त्या वाढीचा फार मोठा हिस्सा गिळून फार थोडा वेग परत देते. हे कारागिराने मालकाला आधीच सांगावे. न सांगणे हा प्रामाणिकपणाचा प्रश्न होतो.

तरीही जेट बोटीचे इंजिन डायनोवर चढवण्याच्या बाजूने एक कारण इतके भक्कम आहे की बाकीची कारणे नसली तरी चालतील, आणि ते कारण म्हणजे ओझे सतत असणे. मोटारीचे इंजिन उतारावर, वळणावर, सिग्नलवर श्वास घेते. कन्नडचा औट्रम घाट चढणाऱ्या ट्रकलासुद्धा माथ्यावर पोचल्यावर उतार मिळतो. बोटीला माथा नाही. पाणी सदैव समोर चढण घालून उभे असते, आणि थ्रॉटल उघडा ठेवला तितका वेळ इंजिन पूर्ण ओझ्याखालीच जळत राहते. मिश्रण, म्हणजे पेट्रोलमागे हवेचे वजनी प्रमाण, थोडे जरी कोरडे असले, किंवा ठिणगी दोन-तीन अंश लवकर पडत असली, तर रस्त्यावर जो दोष ठोक्याच्या क्षणिक आवाजावर निभावतो तो पाण्यावर पिस्टनच्या माथ्याला भोक पाडतो. पेट्रोल पूर्ण जळण्याचे गणिती प्रमाण १४.७ ला १ आहे. पूर्ण शक्तीसाठी साधारण १२.५ ते १३ ठेवतात, आणि बोटीसाठी त्यातही ओल्या बाजूला राहणे शहाणपणाचे असते, कारण जास्तीचे पेट्रोल वाफ होताना सिलिंडरची उष्णता शोषून घेते. हे प्रमाण कानाने ऐकू येत नाही. प्लग काढून त्याचा रंग वाचणारे जाणकार मिस्त्री ते बऱ्याच अंशी ओळखतात, आणि त्या कौशल्याचा मान राखलाच पाहिजे, पण प्लग वाचायला इंजिन आधी ओझ्याखाली चालवावे लागते, म्हणजे चूक असेल तर ती घडून गेल्यावरच वाचली जाते.

यासाठी डायनोवर कोणती चाचणी घेतली हे आलेखाच्या उंचीपेक्षा महत्त्वाचे ठरते. सर्वत्र चालते ती झपाट्याची चाचणी, ज्यात फेरे काही सेकंदांत खालून वर नेले जातात आणि कागदावर एक देखणी वक्ररेषा उमटते. तेवढ्या वेळात झडपांना आणि पिस्टनला खरी धग लागतच नाही. जेट बोटीसाठी मागायची ती स्थिर चाचणी, म्हणजे ज्या फेऱ्यांवर इंपेलर इंजिनाला धरून ठेवणार आहे, नेमक्या त्याच फेऱ्यांवर ब्रेकने इंजिन अडवून तेल, पाणी आणि एक्झॉस्ट यांची तापमाने थांबेपर्यंत चालवणे. शिखरावरची शक्ती ५,२०० फेऱ्यांना मिळते आणि इंपेलर ४,२०० च्या वर जाऊच देत नाही, अशा स्थितीत शिखराचा आकडा केवळ कागदावर राहतो. आधी इंपेलर ठरवून मग इंजिन ट्यून करणे हा क्रम बहुतेक वेळा उलटा केला जातो, आणि मग चांगल्या इंजिनाला चुकीचा पंखा मिळाल्याचे खापर ट्यूनिंगवर फुटते.

चाचणीची जागाही आकड्यात शिरते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, आणि मे महिन्यात पारा चाळिशीवर गेला की हवा आणखी विरळ होते. कार्ब्युरेटर हवेचे वजन मोजत नाही, तिचा वेग जाणतो, म्हणून विरळ हवेत तो आपोआप पेट्रोल जास्त देतो. कारागीर इथल्या उन्हाळ्यात मिश्रण १२.८ वर बसवतो आणि तेच इंजिन मालवणच्या किनाऱ्यावर जाते, तेव्हा दाट हवेत तेच मिश्रण गणिताने सुमारे १३.४ होते, म्हणजे सुरक्षित ओलेपणा कोणी स्क्रूला हात न लावताच निघून जातो. दाब आणि तापमान ओळखून पेट्रोल बेतणाऱ्या इंजेक्शनच्या इंजिनांत ही अडचण बहुतांशी उरत नाही. डायनोच्या कागदावरचा दुरुस्त आकडा, म्हणजे त्या दिवसाच्या हवेवरून प्रमाण हवेला काढलेला आकडा, हाही कोणत्या प्रमाणाने काढला हे विचारल्याशिवाय घेऊ नये: जुने अमेरिकी प्रमाण थंड आणि कोरडी हवा धरते, नवे २५ अंशांची धरते, आणि दोन्हींत एकाच इंजिनाची शक्ती सुमारे चार टक्क्यांनी वेगळी दिसते.

एक गोष्ट चाचणीच्या खोलीत सर्रास दुर्लक्षित होते. तिथे इंजिनाला मोकळे, लांब एक्झॉस्ट पाइप लावलेले असतात, तर बोटीत धूर पाण्याच्या आवरणातल्या जाड मॅनिफोल्डमधून जातो आणि शेवटी त्यात थंड करण्यासाठी पाणी मिसळले जाते. शक्तीच्या हव्यासाने कॅमशाफ्ट असा निवडला की दोन्ही झडपा बराच काळ एकत्र उघड्या राहतात, तर मंद फेऱ्यांवर धुराची उलटी लाट येते आणि मिसळलेले पाणी मागे ओढले जाऊन सिलिंडरमध्ये शिरते. मोकळ्या पाइपांवर हा धोका कधीच दिसत नाही. म्हणून बोटीचे स्वतःचे मॅनिफोल्ड लावून चाचणी घेता येत नसेल, तर चाचणीचा आकडा अर्धवट समजावा.

या सगळ्यांतून एक व्यवहारी निवाडा निघतो. कारखान्यातून आलेले, आत काहीही न बदललेले इंजिन असेल तर डायनोचे पैसे चांगला टॅकोमीटर, तेलाच्या दाबाचा काटा आणि मिश्रण दाखवणारा सेन्सर यांवर घालणे योग्य, कारण त्याचे मिश्रण आणि ठिणगी निर्मात्याने आधीच बसवलेली असते आणि पंप हाच त्याचा ब्रेक आहे. पिस्टन, हेड, कॅम, कार्ब्युरेटर यांपैकी काहीही बदलून पुन्हा बांधलेले इंजिन मात्र चाचणीशिवाय पाण्यात उतरवणे म्हणजे पहिला प्रयोग किनाऱ्यापासून दूर करणे होय. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींच्या भोवती टर्नर, ग्राइंडर, इंजिन बांधणारे आणि मोजणारे यांचे जे कसब गेल्या काही दशकांत साठले आहे, बजाज ऑटोच्या १९८५ च्या वाळूज कारखान्याने ज्याला मोठी चालना दिली, त्या कसबाला नवे काही शिकण्याची गरज नाही. फक्त शिखराऐवजी स्थिर ओझ्याकडे पाहण्याची सवय हवी.

आणि डायनोचा तो कागद चाचणीनंतर फाइलीत न ठेवता बोटीत ठेवावा, कारण त्याचा खरा उपयोग पुढच्या हंगामात होतो. पैठणच्या नाथसागराभोवती उपसा करणारा शेतकरी जाणतो की पंपाने हवा धरली की इंजिन एकदम हलके वाजते आणि फेरे चढतात. पाणी मात्र कमी येते. गोदावरीसारख्या वाळूच्या पात्रात जेट पंपाचेही तेच होते, फक्त हळूहळू: वाळू इंपेलरची कड आणि भोवतीचे कडे घासत जाते, फट वाढते, पाणी आतल्या आत मागे गळते, पंपाचे ओझे कमी होते आणि पूर्ण थ्रॉटलवरचे फेरे शे-दीडशेने वाढलेले दिसतात. मालक खूष होतो की इंजिन मोकळे झाले. ज्याच्याजवळ कागद आहे त्याला ठाऊक असते की या इंजिनाने याच इंपेलरवर आधी किती फेरे धरले होते आणि त्यापेक्षा जास्त देण्याइतकी शक्ती त्यात नव्हती. तो कार्ब्युरेटरला हात लावत नाही, बोट काठाला घेतो, पंपाचे तोंड उघडतो आणि इंपेलरच्या कडेभोवती फीलर गेजची पाती सरकवून फट मोजतो.