कानापर्यंत पोंचणारा हात

शाळेंत घालण्याचें वय कोणतें, या प्रश्नाचें उत्तर पूर्वी मुलाच्या अंगावरच लिहिलेलें असे. मास्तर म्हणत, "उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर." बोटें कानाला लागलीं कीं मूल शाळेचें झालें, न लागलीं तर "पुढल्या वर्षीं आणा." जन्मतारीख कोणाला ठाऊक नसली तर मास्तर सरळ १ जून लिहीत. महाराष्ट्रांतील किती वडीलधाऱ्यांचे वाढदिवस त्यामुळें एकाच दिवशीं येतात!

आमच्या चंदगडकडे शिवाय पावसाचाही सल्ला घ्यावा लागे. हा तालुका १९५६ सालीं बेळगांव जिल्ह्यांतून कोल्हापुरांत आला, पण सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस कांहीं बदलला नाहीं. शाळा उघडावयाची जूनमध्यें, आणि ओढेही भरावयाचे त्याच वेळीं. वाडीवरची आई म्हणे, "यंदा राहूं दे." असें राहिलेलें वर्ष कोणी हिशेबांत धरीत नसे. पोर बांधावर खेकडे शोधी आणि वाढे.

आज हिशेब काटेकोर झाला आहे. माझ्या पुतण्याचा मुलगा डिसेंबरअखेरचा. वयाची गणना ३१ डिसेंबरपर्यंत करावी असें सरकारनें २०२० सालीं ठरविलें. त्यामुळें येत्या जूनमध्यें, साडेतीन वर्षांचा असतांनाच, तो बालवर्गांत बसूं शकतो. पण शेजारच्या चटईवर जानेवारींत जन्मलेला, म्हणजे जवळजवळ वर्षानें थोरला मुलगा असणार. साडेतीन वर्षांत एक वर्ष म्हणजे पाव आयुष्याहून अधिक!

त्याला वर्षभर थांबवावें, यावर नवराबायकोचें एकमत आहे. गंमत कारणांत आहे. सून म्हणाली, "काका, त्याला अजून परक्यापुढें लघवीला जायचें सांगतां येत नाहीं. रडूं येतें, तो नुसता गप्प बसतो." पुतण्या म्हणाला, "काका, थोरला असला म्हणजे वर्गांत पहिला राहील."

मी सुनेच्या पक्षाचा. अमेरिकेंतही सुस्थितींतले आईबाप मुलांना असें मुद्दाम मागें ठेवतात. परंतु थोरलेपणाचा हा वरचष्मा पुढील इयत्तांत पुष्कळसा ओसरतो, असें अभ्यासकांना दिसलें आहे. फ्रोबेलनें १८४० सालीं आपल्या शाळेला मुलांची बाग म्हटलें. बागेंत पहिला नंबर कसला? फिनलंडमध्यें तर सातव्या वर्षीं पहिली सुरू होते.

मात्र थांबणें ही चैन आहे, हें विसरूं नये. ज्या घरचीं दोघें सकाळींच काजूच्या कारखान्यावर जातात, तेथील मुलाला घरीं ठेवून कोणाच्या स्वाधीन करावयाचें? त्याला अंगणवाडीचा खाऊ आणि बाईंचीं गाणीं हवींत, आणि तीं आजच हवींत. १९४५ सालीं ताराबाई मोडक बोर्डीस खेड्यांतल्या मुलांकरितां गेल्या, त्या याच जाणिवेनें. आमच्या घरीं बोलायला आजी आहे, फिरायला परसू आहे. म्हणून आम्हांला वाट पाहतां येते.

तेव्हां चिरंजीव यंदा घरीं. परवां पुतण्या बेळगांवाहून अक्षरें गिरवण्याचीं चार पुस्तकें घेऊन आला. वर्ष फुकट जाऊं नये म्हणून. सुनेनें तीं कपाटावर, हात पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवलीं आहेत. पुतण्या अजून तीं शोधतो आहे.