शर्करेची वाट: काही टिपणे

दसरा झाला की बीडच्या पाटोदा तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी, लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या नि कर्नाटकातल्या कारखान्यांची वाट धरतात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर होते, आणि इंग्रजीतली 'शुगर' आपल्याच शर्करेपासून झाली. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडे, रेती. फारसीत ती शकर झाली, अरबीत सुक्कर, लॅटिनमध्ये सुक्करुम, फ्रेंचमध्ये सुक्र, मग शुगर.

*

गुळाला इंग्रजीत 'जॅगरी' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्या दक्षिण किनाऱ्यावर उचलला. त्याचेही मूळ शर्कराच.

*

'कँडी'त संस्कृत खंड आहे, म्हणजे तुकडा. फारसीत त्याचा कंद झाला. आपल्या गुलकंदातला कंद तोच. परदेशी जाऊन घरी परतलेला.

*

बालाघाटाच्या उतारावरचे सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. इंग्रजीत ते 'कस्टर्ड ॲपल'. कस्टर्ड हा शब्द पिठाच्या कडक कवचावरून आला. जुन्या काळी त्या कवचात मांस किंवा फळे, दूध, अंडी घालून भाजत. पुढे कवच गेले, आतला मऊ गर उरला, नाव तेच राहिले. सफरचंदाशी याचे नाते नाही. पूर्वी इंग्रजीत कोणत्याही फळाला ॲपल म्हणत.

*

पिंपळीवरून ग्रीकांनी मिऱ्यांना नाव दिले, तेच इंग्रजीत 'पेपर' झाले. अमेरिकेतून मिरची आली तेव्हा इंग्रजांनी तिलाही पेपर म्हटले. आपणही मरीच, म्हणजे मिरे, यावरूनच मिरची म्हणालो. दोन्हीकडच्या जिभांनी तिखटाचा एकच हिशेब लावला.

*

बिस्कीट: दोनदा भाजलेले. बेकरीतला टोस्ट या अर्थाला अधिक जागतो.

*

सगळ्यांत मला भिडलेला शब्द 'लेडी'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पावाची कणीक मळणारी. 'लॉर्ड' म्हणजे पाव राखणारा. फडावर कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर अंधारातच भाकरी थापून उसाला भिडणाऱ्या बाईइतका हा शब्द कुणालाच शोभत नाही.

*

तालुक्यातल्या गुरुजींना नि बाईंना विनंती: ऊसतोडीवरून परतलेली लेकरे वर्गात बसली की 'शुगर'चे स्पेलिंग घोकून घेण्याआधी शर्करेची ही वाट फळ्यावर काढून दाखवा.